पोस्टकार्डावरची मिती आणि मायना

वंशावळ शोधताना आजचा दिवस एका पिवळ्या पडलेल्या पोस्टकार्डावर गेला. पत्त्यात 'जि. चांदा (आताचं चंद्रपूर), म. प्र.'. म्हणजे कार्ड १९५० ते ५६ मधलं, विदर्भ मध्य प्रदेशात होता तेव्हाचं. आत मिती 'मार्गशीर्ष वद्य ५, शके १८७६'. शकात ७८ मिळवले की १९५४. पौष, माघ, फाल्गुन असेल तर बहुतेक ७९.

शिक्का पुसट असला तरी पाणी लावू नका, शाई पसरते. मोबाईलची टॉर्च कडेने आडवी धरा, दाबाच्या खुणा दिसतात.

नातं मायन्यात सापडतं. 'तीर्थरूप' सख्ख्या आईवडिलांना, 'तीर्थस्वरूप' काका-मामांना. दोन्ही एकच समजलं की वंशावळ पार चुकते. मृत्यूची बातमी जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात सहसा मिळत नाही; ते कार्ड वाचून लगेच फाडायची रीत होती. त्यापेक्षा 'सौ.'ची 'गं. भा.' (गंगाभागीरथी, म्हणजे विधवा) कोणत्या कार्डापासून झाली ते बघा. त्या दोन अक्षरांपाशी हात थांबतोच.

साल हाती आलं की तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागा. आडनावावर अडून बसू नका, नोंदीत बरेचदा नुसतं बापाचं नाव आणि जात असते. आणि कार्डाला लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच नको.