साल हलली

आंब्याच्या खोडाकडे टक लावून उभं राहिलं की येणाजाणारा विचारतोच, "काही हरवलंय का?" किडा शोधतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "चावतो का?"

आपल्याला काही करत नाही. खोडावर राहणारा हा प्रार्थनाकीटक आपल्या ओळखीच्या खंडोबाच्या किड्याच्याच भावकीतला. पण हिरव्यागार, डुलत बसणाऱ्या चुलत्याचा थाट याच्याकडे नाही. इंचभर लांब, चपटा, राखाडी-तपकिरी. अंगावर काळसर शिंतोडे आणि दगडफुलासारखे फिके डाग. (गोड्या मसाल्यात पडतं तेच दगडफूल, झाडाच्या सालीवरही उगवतं.) बऱ्याचदा डोकं खाली करून खोडाला असा चिकटतो की सावली पडायला जागाच उरत नाही. रंग काय, पुष्कळांचे जुळतात. सावली मिटवायची, ही खरी कारागिरी.

म्हणून शोधताना रंगाच्या नादी लागू नये. मी जोड्या शोधतो. साल वाटेल तशी तडकते, तिची डावी बाजू उजवीसारखी कधी नसते. किड्याला मात्र ती सोय नाही, त्याचं डावं-उजवं सारखंच. खडबडीत सालीवर शेजारी शेजारी दोन सारखे फुगवटे दिसले, की समजावं डोळे असतील. मग तिथेच थांबून बघायचं. केसासारख्या दोन मिशा, तिकोनी डोकं आणि छातीशी दुमडून घेतलेले काटेरी पुढचे पाय. ते पाय दिसले की शंका फिटली. पतंग नाही, ढेकूण नाही.

पतंगांची तऱ्हा आणखी मजेची आहे. कोरियातल्या अभ्यासकांनी २०१२ साली दाखवून दिलं, की काही पतंग सालीवर उतरल्यावर थोडे इकडेतिकडे सरकतात, अंग वळवतात आणि मग अशा बेताने बसतात की ते चटकन ओळखू येऊ नयेत. ब्लाउजवर साडीचे काठ जुळवणारा शिंपी आठवतो.

आपला किडा एवढ्यावर थांबत नाही. बोट जवळ नेलं की साल हलली असं वाटतं, आणि जागा रिकामी! प्रार्थनाकीटक म्हणजे संथ, हा समज याच्याबाबतीत सोडून द्यावा. खारीसारखा सुर्रकन खोडाच्या पलीकडे. आपण डावीकडून गेलो की तो उजवीकडे, आपण उलटे फिरलो की तोही फिरतो. एकट्याने फोटो काढायचा तर पाय दुखतात. पलीकडे कुणीतरी उभं करावं. "चावतो का" विचारणारा असेल तर उत्तम, तो लांबूनच का होईना पण डोळ्यात तेल घालून पाहतो.

नावाचं म्हणाल तर आपल्याकडे खोडावर असा दिसणारा बहुधा हंबर्टिएला या प्रजातीतला (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट). १८६९ साली हे नाव दिलं जीनिव्हाच्या आंरी द सोस्यूर यांनी. भाषाशास्त्र शिकलेल्यांचे कान टवकारले असतील: होय, भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूरचे हे वडील. बापाने किड्यांना नावं दिली, मुलगा शब्द आणि अर्थ यांचा संबंध काय ते सांगत बसला. पंख फुटले नसतील तर ते पिल्लू. पिल्लाच्या एका फोटोवरून थेट जात सांगणाऱ्या मोबाइल अ‍ॅपवर माझा विश्वास नाही. प्रजातीपर्यंत आलो, बास.

रस्त्याकडेच्या झाडांवर बघायचं तर गेरू-चुन्याच्या पट्ट्यांच्या वर बघा. झाडं रंगवून काय मिळतं हे रंगवणाऱ्यांनाच ठाऊक, पण पांढऱ्या पट्ट्यावर या बिचाऱ्याची सगळी विद्या फुकट जाते. तिथे दिसला तर तो पळतानाच, आणि तेव्हा त्याला ओळखायला कुठल्याच खुणेची गरज पडत नाही.