तुमच्याकडे

"बाबा, तुमच्याकडे नेलकटर कुठे असतं?"

दुपारचे चार वाजले असतील. फर्स्ट शिफ्ट करून सातपूरहून मी नुकताच घरी आलो होतो आणि हातपाय धुऊन, काखेत उशी मारून झोपायला जागा शोधत होतो. (या उशीची भानगड पुढे सांगतो.) लेक आतल्या खोलीच्या दारात उभी. केस पिंजारलेले, डोळे अर्धे मिटलेले, म्हणजे तिची नुकतीच सकाळ झालेली. टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, डाव्या हाताला, असं मी सांगितलं. ती गेली, नेलकटर मिळालं, विषय संपला.

माझा काही संपेना. कारण लेक मला 'अरे बाबा' म्हणते. लहानपणापासून 'ए बाबा, तू'. त्यामुळे 'तुमच्याकडे' हे आदरार्थी आहे अशी समजूत घालून घ्यायची सोय नव्हती. ते शुद्ध अनेकवचन होतं. तुमच्याकडे म्हणजे तुम्हा दोघांकडे. नाशिकच्या सिडकोत राहणारं ते एक जोडपं आहे ना, त्यांच्याकडे. आणि नेलकटर तर ती तिसरीत असल्यापासून त्याच ड्रॉवरमध्ये आहे.

आपली भाषा या बाबतीत फार चावट आहे. हिंदीवाल्यांचं एका 'हम'वर भागतं. गुजराती लोकांकडे आपल्यासारखेच दोन आहेत, पण त्यांचं ते बघतील. आपल्याकडे 'आम्ही' म्हटलं की समोरचा उंबऱ्याबाहेर, 'आपण' म्हटलं की आत. पाहुण्याला आपण 'चला, आपण जेवायला बसू' म्हणतो आणि दारात आलेल्या विम्याच्या एजंटला 'आम्ही जेवायला बसलोय' म्हणतो. दार लावायचीसुद्धा गरज पडत नाही.

हे मी हिला सांगितलं. ही ओट्यापाशी साबुदाणा निवडत होती. म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हा दोन वर्षं 'तुमच्याकडे'च म्हणायचे. तुमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत का, तुमच्याकडे सोमवारी केस धुवत नाहीत का. तुला तेव्हा काही टोचलं नाही ते?"

नव्हतं टोचलं. आणि त्याचं 'आपल्याकडे' कधी झालं तेही कळलं नाही. कुठेतरी तारीख लिहून ठेवायला हवी होती.

पोरगी पुण्याला इंजिनीअरिंगला आहे. दुसरं वर्ष संपलं. आता 'उन्हाळ्याची सुट्टी' म्हणायची, पण ती म्हणण्यापुरतीच. शाळेची पोरं मेच्या सुरुवातीला मोकळी होतात. यांचं आधी सबमिशन, मग ओरल, मग पीएल म्हणजे अभ्यासाची सुट्टी, मग एंडसेम. शेवटचा पेपर होईस्तोवर हापूस संपून केशर सुरू झालेला असतो आणि गच्चीवरून पश्चिमेला ढग दिसायला लागलेले असतात. मग एका संध्याकाळी फोन येतो, "निघाले." नाशिक-पुण्याला सरळ रेल्वे नाही. ती कित्येक वर्षं कागदावरूनच धावते आहे. त्यामुळे बस. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर. मी नकाशा उघडून बसत नाही. संगमनेरला बस थांबली की ती वडापावचा फोटो पाठवते, त्यावरून मी गाडी काढायची वेळ ठरवतो.

द्वारका चौकात उतरली तेव्हा पाठीवर एक सॅक आणि हातात तिच्या कमरेएवढी एक बॅग. बॅगेत काय आहे ते आईबापांना सांगायला लागत नाही. धुवायचे कपडे. पुण्यात पाणी नसावं असा कुणाचाही समज व्हावा. मी बॅग स्कूटरच्या पुढ्यात कशीबशी बसवली आणि तोंडातून निघून गेलं, "परत कधी जायचंय?"

"बाबा, अरे मी अजून हेल्मेटपण घातलं नाहीये."

खरं होतं तिचं. पण प्रश्न माझा नव्हता. तो नानांचा होता, माझ्या वडिलांचा.

१९८६ ते ८९ मी मुंबईला शिकायला होतो. घरी यायचं ते संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने. कसाऱ्याला घाट चढवायला मागून इंजिनं लागायची, वर इगतपुरीला तारांमधल्या विजेचा प्रकार बदलायचा, म्हणून डीसीचं इंजिन काढून एसीचं लावायचे, तोवर आम्ही प्लॅटफॉर्मवर उतरून उभे. त्या दहा-पंधरा मिनिटांत अंगावरची मुंबई उतरायची. घाम वाळायचा, शर्टाची कॉलर कडक व्हायची. एसी-डीसीचं ते प्रकरण आता मिटलं, इंजिन बदलावं लागत नाही, गाडीचा वेळ वाचला. त्या वाचलेल्या वेळाचं लोक काय करतात कोण जाणे.

नाशिकरोडहून शालिमारपर्यंत सिटी बस, तिथून पूल ओलांडून पंचवटीत चालत. आमचं भाड्याचं घर वाड्यात होतं, खालच्या मजल्यावर. नाना ओट्यावर बसलेले असायचे, बनियनवर, हातात पुठ्ठ्याचा पंखा. माझी वाट बघत बसलेत असं चुकूनही वाटू नये अशा बेताने रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे तोंड करून. मी पायातल्या चपला काढायच्या आत विचारायचे, "परत कधी?"

बस्स. कसा आहेस नाही, अभ्यास नाही, जेवलास का नाही. मी म्हणायचो, दहा जूनला. ते "हं" म्हणायचे आणि आत जायचे.

वर्षानुवर्षं मी हे मनात ठेवलं होतं. मित्रांमध्ये नकलाही केल्या त्यांच्या. नाना गेल्यावर वाड्यातली खोली रिकामी केली तेव्हा माळ्यावर जुनी कालनिर्णयं सापडली, सुतळीने बांधलेली, वर्षवार. नानांना काही टाकवायचं नाही. उगाच चाळत बसलो. प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक शिसपेन्सिलने दुधाचा रतीब मांडलेला. जुन्या पद्धतीने, उभ्या दांड्यांनी. रोज नुसता '१'. एक शेर की लिटर ते देव जाणे. आणि मे महिन्यात मधूनच '१॥', म्हणजे दीड, सुरू. '१॥', '१॥', '१॥', थेट ९ जूनपर्यंत. दहाच्या चौकोनात परत '१'.

भय्याला आधी सांगायला लागायचं ना. म्हणून विचारायचे.

मी ते पान वेगळं काढून ठेवलं होतं. आता कुठे आहे विचाराल तर, आमच्याकडे... घरात कुठेतरी आहे.

तर उशी. लेक पुण्याला गेली तेव्हा पहिले आठ दिवस आम्ही दोघं त्या खोलीकडे बघायचं टाळत होतो. ही तर केर काढायलासुद्धा आत जाईना. आठ दिवस. नवव्या दिवशी इस्त्रीचं टेबल आत गेलं, कारण हॉलमध्ये ते पायात येत होतं. मग शिलाई मशीन. मग तांदळाची कोठी. माझी मंडळाची ढोलकी. शेवटी घरातला एकुलता एक कूलर, कारण त्या खिडकीला पश्चिमेचा वारा मिळतो. आणि कूलर आहे म्हटल्यावर दुपारची झोप तिथेच. सिडकोचं घर आमचं, मूळची दीड खोली, मागून वाढवत नेलेली. मुलं गेली की घर खायला उठतं म्हणतात. आमच्या घराने श्वास सोडला आणि पाय पसरले. हे कुणाजवळ बोलायचं नसतं, पण दोन वर्षांत मला त्या खोलीतल्या झोपेची चटक लागली होती. साडेतीनला शिफ्ट सुटते, चारला पाठ टेकली की साडेपाचपर्यंत मला उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

आता चार वाजता तिथे लेक झोपलेली असते. कूलर तिच्यावर रोखलेला. आणि मी उशी घेऊन माझ्याच घरात, हॉलमधून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून जिन्यात. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "भावजी, गावाला निघालात का?"

हिची तक्रार निराळी. ती फ्रिजबद्दल आहे, तशी वरवर. बाटल्या रिकाम्या करून तशाच परत ठेवते, दही पातेल्यातूनच खाते वगैरे. पण एके रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "पाहुणी असती तर मी चहा घेणार का विचारलं असतं. घरातली असती तर चहा टाक म्हणून सांगितलं असतं. आता उभी राहते आणि काहीच सुचत नाही."

आम्ही दोघं साडेसातला खिचडी खाऊन मोकळे व्हायला लागलो होतो, त्याचीही वाट लागली. रात्री बाहेर जाण्यावरून एकदा झालं, तेही सांगून टाकतो. कॉलेज रोडला मैत्रिणींबरोबर गेली आणि अकरा वाजले. मी दारात. ती म्हणाली, "पुण्यात मी अकराला येते तेव्हा तू काय करतोस?" मी म्हटलं, झोपलेला असतो. "मग इथेही झोप ना." याला उत्तर असेल तर मला कळवा.

पण आमची गाठ खरी पडते ती पहाटे. फर्स्टला असलो की मी पाचला उठतो. ती आली त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी उठून स्वयंपाकघरात गेलो तर दिवा चालू आणि ही बाई ओट्यावर मांडी घालून मॅगी खात बसलेली. मला बघून म्हणाली, "गुड नाइट बाबा, मी झोपतेच आहे." मी चहाचं आधण ठेवलं. झोपायला निघालेली ती तिथेच बसून राहिली. मी आलं ठेचलं. तिने कप काढले. चुकून तीन काढले, मग एक परत ठेवला. बाहेर दूधवाल्याची मोटरसायकल आली, पिशव्या दाराला अडकवून गेली. तिने त्या आणल्या आणि एकीचा कोपरा दाताने फाडला. ही जागी असती तर तिची काही खैर नव्हती.

चहा ओतताना तिने विचारलं, "तू रोज एवढ्या लवकर उठतोस?"

"आठवडाआड. फर्स्ट असली की."

"मी शाळेत होते तेव्हापण?"

"तेव्हापण."

अठरा वर्षं या घरात काढून तिला हे माहीत नव्हतं. माहीत कसं असणार, तेव्हा ती झोपलेली असायची. मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून, कडी न वाजवता बाहेर पडायचो. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, साखर जास्त झालीये. ते खरंच होतं. आता फर्स्ट असली की आमचा हा चहा ठरलेला. माझी सकाळ आणि तिची रात्र एकाच कपात. बोलणं फारसं नसतं. कंपनीच्या बसची वेळ झाली की मी निघतो, ती झोपायला जाते. कूलरमध्ये पाणी मी भरून ठेवलेलं असतं.

या वर्षी हिने कुरडया मुद्दाम मागे ठेवल्या होत्या, लेक आल्यावर करू म्हणून. मेअखेर म्हणजे जुगारच, वळीव केव्हा येईल सांगता येत नाही. तीन दिवस गहू भिजत घातले, रोज पाणी बदललं. घरभर तो आंबूस वास. लेकीने पहिल्या दिवशी नाक मुरडलं, तिसऱ्या दिवशी गव्हाचा चीक शिजला तेव्हा पातेल्याशी सगळ्यात आधी तीच वाटी घेऊन उभी. गरम चिकावर तेलाची धार. सोऱ्याला जोर लावायला मला बोलावलं होतं. मी दोन घाणे पिळले आणि खांदा धरला. पुढचे सगळे तिने पिळले. सोऱ्या अजून सासूबाईंचाच आहे, पितळी. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईदार पडत होता. हे पुण्यात कधी शिकली म्हणून विचारणार होतो, राहून गेलं.

संध्याकाळी तिला कुरडया गोळा करायला गच्चीवर पाठवलं. पश्चिमेला चांगलंच भरून आलं होतं. बराच वेळ झाला, खाली येईना, म्हणून मी जिना चढून गेलो. ती माझ्याकडे पाठ करून उभी, एका हातात परात, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये धरलेला. साडीवरच्या अर्ध्या कुरडया अजून तशाच.

"नाही गं," ती कुणाला तरी सांगत होती, "आमच्याकडे ना असं नसतं. आमच्याकडे..."

मी जिन्यातच थांबलो. फोनवर पुण्याची मैत्रीण होती की इथली शाळेतली, त्यावर सगळं होतं. तेवढ्यात शेजाऱ्यांनी पाण्याची मोटर लावली. तिचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मग पहिले थेंब पडले आणि आम्ही दोघंही कुरडया उचलायला धावलो.

दुधाचं सांगायचं राहिलं. दूधवाल्याला व्हॉट्सॲप टाकायचा आहे, पण कोणत्या तारखेपर्यंत दीड लिटर, ते तिला पुन्हा विचारायला पाहिजे. बघू.