शेवटची लोकल ते पहिली लोकल : फोर्टमधली आमची रात्रीची रिले

मुंबईच्या फोर्टमधली आमच्या ओरिएंटियरिंग क्लबची रात्रीची रिले पार पडली. ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन, ठरलेल्या जागी लावलेले झेंडे, म्हणजे कंट्रोल, क्रमाने गाठत धावायचं. चार संघ, प्रत्येकी पाच लेग, म्हणजे पाच धावपटूंच्या पाच पाळ्या, आणि रात्री सव्वा वाजता मास स्टार्ट, म्हणजे सगळ्या संघांची एकदम सुरुवात. आमचा संघ दुसरा आला, आणि पहिला संघ शेवटच्या कंट्रोलपर्यंत आमच्या नजरेच्या टप्प्यात होता. गेल्या मोसमात पाचही जण शेवटपर्यंत पोचले तरी पुरे, असं धरून आम्ही उतरलो होतो. त्या मानाने ही मजल मोठी आहे आणि मला तिचा फार आनंद आहे. आपापल्या भागात असं काही करू पाहणाऱ्यांना उपयोगी पडेल ते सगळं इथे नोंदवून ठेवते.

वेळ सव्वाचीच का? शेवटच्या लोकल गेल्या की फोर्ट खऱ्या अर्थाने रिकामं होतं, आणि चार वाजून गेल्यावर पहिल्या गाड्या सुरू झाल्या की पेपरवाले, दूधवाले यायला लागतात. मधले तीन तास आपले. जंगल का नाही, हे दर वेळी कोणीतरी विचारतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अंधार पडल्यावर प्रवेश नसतो. तिथे आणि आरेत बिबटे आहेत आणि रात्र त्यांची आहे. त्यांच्या वाटेवर हेडलॅम्प लावून धावायचा विचारही आम्ही करत नाही.

कल्पना अर्थातच फिनलंडच्या युकोलाची. १९४९ पासूनची ही रिले जूनमधल्या शनिवारी रात्री अकराला सुटते. सात लेग, आणि हजाराहून जास्त संघांचे पहिले धावपटू एकदम जंगलात शिरतात. फिनिश कथेतल्या ज्या घराचं नाव तिला दिलंय, त्या घरात सात भाऊ राहतात, म्हणून लेगही सात. स्त्रियांची चार लेगची वेन्ला रिले त्याच मुक्कामी होते, १९७८ पासून. स्वीडनची दहा लेगची तिओमिला तर १९४५ ची. आमच्या चार संघांची त्यांच्याशी बरोबरी नाही, पण खेळाचा गाभा तोच: अंधार, संघ आणि फोर्किंग.

नव्या मंडळींसाठी फोर्किंगबद्दल थोडं. एकाच लेगवर धावणाऱ्या चौघांना अगदी तेच कंट्रोल मिळत नाहीत. कोणाला गल्लीच्या या टोकाचा, कोणाला पलीकडच्या गल्लीतला. पाचही लेग मिळून प्रत्येक संघाचं धावणं सारखंच भरतं, पण त्या क्षणी शेजारून पळणारा कुठे चाललाय याचा तुमच्याशी संबंध असेलच असं नाही. दिवसा हे सांभाळता येतं. रात्री समोर दुसऱ्याचा दिवा हलताना दिसला की पाय आपोआप त्याच्या मागे जातात. आमच्या शेवटच्या लेगचे काका सरावात सारखं बजावायचे, "अगं, दिव्यामागे नाही, नकाशामागे पळायचं." कंट्रोलचे क्रमांक ३१ पासून पुढे सुरू होतात, आणि पंच करण्याआधी, म्हणजे तिथे पोचल्याची खूण कार्डावर उमटवण्याआधी, आपल्या वर्णनपत्रातला, म्हणजे कंट्रोलच्या यादीतला, क्रमांक जुळवून बघणं ही सवय हाडात मुरवायला लागते. पहिल्या लेगवर आमच्या कॉलेजवाल्या मुलीने तेच केलं. बोरा बझारच्या एका गल्लीत तिघांचे दिवे एकाच झेंड्याकडे गेले. तिला ४६ हवा होता आणि समोर ४३ होता. ती पंच न करताच वळली आणि मागच्या गल्लीत शिरली. तिच्याबरोबरचे दोघे पंच करून पुढे गेले आणि मग कार्ड बघून परत आले. आमचा संघ पुढे आला तो तिथे.

आता नकाशा, कारण यंदाची सगळी प्रगती तिथेच आहे. स्प्रिंट, म्हणजे शहरातल्या छोट्या वेगवान शर्यतीच्या पद्धतीचा, १:४००० वर. म्हणजे कागदावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. पाया ओपनस्ट्रीटमॅपचा, रेखाटन ओपनओरिएंटियरिंग मॅपरमध्ये, कोर्स आणि फोर्किंग पर्पल पेनमध्ये. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पण खरं काम पायी फिरूनच होतं, आणि तेही रात्री. कोर्स आखणाऱ्या ताईंनी आधी दिवसा फिरून नकाशा केला होता. मग त्या साडेअकरानंतर पुन्हा निघाल्या, तेव्हा अर्धे बोळ बदललेले होते. दिवसा आरपार जाता येतं तिथे रात्री लोखंडी सरकतं दार ओढलेलं असतं, कमानीखाली हातगाड्या साखळीने बांधलेल्या असतात, फेरीवाल्यांचं सामान निळ्या ताडपत्रीत बांधून पदपथ अडवून असतं. बंद दार म्हणजे नकाशावर जाड काळी रेघ, आणि ती ओलांडायची नाही हा स्प्रिंटचा नियमच आहे. चढून जाता आलं तरी नाही. त्यामुळे ज्याला दिवसाचं फोर्ट पाठ आहे, त्याला रात्रीच्या नकाशावर नवा रस्ता शोधावा लागतो.

बॅलार्ड इस्टेट तर समुद्रावर भराव घालून केलेली. गोदीच्या खोदकामातून निघालेली माती तिथे पडली आणि जॉर्ज विटेटने आखलेल्या एकसारख्या दगडी इमारती उभ्या राहिल्या. जमीन सपाट, नकाशावर समोच्चरेषा जवळपास नाहीतच. चढउतार नाही म्हणजे रस्ता निवडायला मिळतो तो फक्त इमारतींच्या डावीकडून की उजवीकडून, आणि तो निर्णय धावतानाच घ्यावा लागतो. ताईंनी याचा उत्तम उपयोग केला. दोन कंट्रोलमधला एक लांब टप्पा असा ठेवला की दोन्ही बाजूंनी अंतर जवळपास सारखं, पण एका बाजूला चार वळणं आणि दुसरीकडे दोन. अंधारात कमी वळणांचा रस्ता मी डोळे झाकून घेते. वळण म्हणजे वेग तोडणं आणि अंगठा पुन्हा नकाशावर नीट बसवणं.

रंगांबद्दल एक इशारा. ऑलिव्ह हिरवा म्हणजे प्रवेश नाही, पिवळा म्हणजे मोकळी जागा. रस्त्यावरच्या पिवळट दिव्यांखाली हे दोन्ही जवळपास एकच दिसतात. हेडलॅम्पचा पांढरा झोत कमी शक्तीवर ठेवून नकाशावर टाकला तरच फरक कळतो. प्लास्टिकच्या पिशवीतला नकाशा असेल तर झोत तिरका पाडा, नाहीतर चकाकीशिवाय काही दिसत नाही. नौदलाची गोदी, टांकसाळ, रिझर्व्ह बँक यांच्या भिंतींजवळ ताईंनी एकही कंट्रोल ठेवला नाही आणि तो सगळा पट्टा ऑलिव्ह केला. मला हे फार योग्य वाटलं. पहाऱ्यावरच्या माणसाला रात्री दोन वाजता धावत येणारा दिवा दिसू नये.

पोलीस ठाण्याला पत्र, इमारतींच्या वॉचमनशी आधी बोलणं, हे सगळं वेळ खाणारं पण सोपं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पदपथावर माणसं झोपलेली असतात. तिथे कंट्रोल नाही, दिवा खाली, आवाज बंद आणि धावायचं रस्त्याच्या कडेने, हा आमचा पहिला नियम. तो मोडणारा संघ बाद. कुत्र्यांचे अड्डेही नकाशा करतानाच टिपून ठेवले होते. त्या कोपऱ्यांवर चालत जायचं, दिवा त्यांच्या डोळ्यांवर न टाकता.

पंचसाठी आम्ही साधं कार्ड आणि पिन पंच वापरले. मॅपरन या ॲपवर फोनमधून आभासी कंट्रोल करता येतात, पण बोरा बझारसारख्या अरुंद गल्ल्यांत सॅटेलाइटचा सिग्नल भिंतींवर आपटून भरकटतो आणि फोन शेजारच्या गल्लीत असतानाच पंच लागल्याचं सांगतो. दोन कंट्रोल एका इमारतीच्या अंतरावर असताना हे चालत नाही. पिनांची प्रत्येक कंट्रोलची नक्षी वेगळी असते, ती कार्डावर उमटली की वाद उरत नाही.

माझा तिसरा लेग. दुसऱ्या लेगचा आमचा दादा आत आला तेव्हा आम्ही तिसरे होतो. हँडओव्हरला गुंडाळलेला नकाशा हातात मिळतो, स्पर्श झाल्याशिवाय तो उघडायचा नाही. मी उघडताना चालते, धावत नाही. आधी सुरुवात दाखवणारा त्रिकोण, मग पहिला टप्पा, मग नकाशा उत्तरेला फिरवून घडी. हे सगळं होईतो पहिलं वळण येतं आणि तिथून वेग.

होकायंत्राची खरी गरज मला हॉर्निमन सर्कलला लागली. आत शिरलं की सगळ्या बाजूंनी तोच वळता दगडी दर्शनी भाग, तीच कमानींची रांग. दिवसा टाउन हॉलच्या पायऱ्या दिसतात आणि पूर्व कळते. रात्री कमानींच्या आतून धावताना त्या दिसत नाहीत, आणि वर्तुळात किती फिरलो याचा अंदाज लगेच सुटतो. कंट्रोल एका खांबामागे होता. पंच केला, अंगठ्यावरचं होकायंत्र आडवं धरलं, नकाशा लाल टोकाला जुळवला, आणि बाहेर पडायचा रस्ता खांद्यामागे आहे हे दिसलं. पावलं तिकडे वळली तेव्हा मनात जराही शंका नव्हती. त्या एका वळणासाठी मी या मोसमात जे काही केलं ते सगळं सार्थकी लागलं.

मुंबईत चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांत जवळपास फरकच नाही, हे आपलं भाग्य. पण पार्क केलेल्या गाड्या आणि लोखंडी कठडे यांच्यापासून हात दूर धरा, सुई लगेच ओढली जाते. शंभर वर्षांपूर्वीही याच शहरात ही अडचण होती. ट्रामला वीज येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं.

सरावाबद्दल. फोर्ट आम्हा सगळ्यांना ओळखीचं, कित्येकांची नोकरी तिथेच. पण ती ओळख दुकानांच्या पाट्यांची, चहाच्या टपरीची, बसस्टॉपची असते. ओरिएंटियरिंगच्या नकाशावर यातलं काहीच नसतं, रस्त्यांची नावंही नसतात, आणि शटर पडल्यावर जमिनीवरही त्या खुणा उरत नाहीत. म्हणून यंदा आम्ही एकच व्यायाम जास्त केला: कंट्रोलवर उभं राहून पुढचा टप्पा वाचायचा, नकाशा खिशात घालायचा आणि आठवणीतून पुढच्या कंट्रोलपर्यंत जायचं. आठवायचा तो फक्त आकार: इंग्रजी एल आकाराची इमारत, तिच्या आतल्या कोपऱ्यानंतर दुसरी गल्ली, उजवीकडे भिंत संपते तिथे झेंडा. सोबती दिवा बंद करून मागे चालतो आणि काही बोलत नाही. सुरुवातीला फार हळू जमतं, मग अचानक नकाशात चित्र दिसायला लागतं. ज्यांचं धावणं चांगलं आहे पण रात्री वेळ जातो, त्यांनी हे नक्की करून बघावं. वेगाचा सराव त्यानंतर.

मी दुसऱ्या क्रमांकावर नकाशा पुढे दिला. चौथ्या लेगने जागा टिकवली आणि काकांनी शेवटच्या लेगवर अंतर खूप कमी केलं. साठी ओलांडलेला माणूस पहाटे चारला शहीद भगतसिंग मार्गावरून तसा येताना बघणं, त्यासाठी पुन्हा अख्खी रात्र जागायला मी तयार आहे. झेंडे आणि पंच उतरवून साडेचारपर्यंत सगळं आवरलं.

पुढच्या मोसमासाठी ठरलेलं इतकं: लेग पाचाचे सहा, एका लेगवर फुलपाखरी फेरा, म्हणजे एकाच मधल्या कंट्रोलवर परत येणारे दोन वळसे, आणि नकाशाची पश्चिम हद्द हुतात्मा चौकापर्यंत. दादाभाई नौरोजी मार्गाच्या कमानी रात्री किती मोकळ्या असतात ते ताई पावसाळ्यानंतर बघणार आहेत, मी त्यांच्याबरोबर जाते आहे. पहिला लेग मला हवा आहे, हे मी क्लबला आत्ताच सांगून ठेवलंय.