खांदा दुखत होता, निघालं लिव्हरमध्ये

सुरुवात उजव्या खांद्यापासून झाली. पुण्यात धायरी ते खराडी रोज बाईकवर, त्यात नवले ब्रिजचं ट्रॅफिक, त्यामुळे गेल्या वर्षी म्हणजे 2025 च्या ऑगस्टमध्ये खांदा ठणकायला लागला तेव्हा कुणालाच काही वेगळं वाटलं नाही, मलापण नाही. फिजिओकडे गेलो, दहा सेशनचं पॅकेज घेतलं कारण सुट्टं महाग पडतं. चार सेशन झाली, काडीचा फरक नाही आणि वर संध्याकाळी सहा वाजले की थंडी वाजून ताप, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम, सकाळी परत ठणठणीत. सकाळी बरं वाटतंय म्हणून ऑफिसला जायचो हा माझा शहाणपणा.

जुलाब एकदाही नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे निघालं ते पोटातून आलं होतं आणि पोटाने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

चौकातले डॉक्टर म्हणाले पावसाळा आहे, व्हायरल असेल. मग डेंगी-मलेरिया निगेटिव्ह. मग विडाल टेस्ट बॉर्डरलाईन आली म्हणून टायफॉइड धरून पाच दिवस सेफिक्झिम. ही विडाल 1896 सालापासूनची आहे, आणि पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल किंवा भलताच ताप असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते, हे सगळं मी नंतर वाचलं. गोळ्या सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची टेस्ट, पाठवायला हवं होतं, एकदा अँटिबायोटिक पोटात गेलं की कल्चरमध्ये काही उगवायची शक्यता कमी होते. पण तेव्हा मीच म्हणलं होतं की डॉक्टर काहीतरी द्या, सोमवारी रिलीज आहे, त्यामुळे सगळा दोष त्यांच्यावर ढकलत नाही.

ताप हलेना तेव्हा आई कराडहून आली आणि तिने एका मोठ्या फिजिशियनकडे नेलं. त्यांनी खांद्याला हातसुद्धा लावला नाही. झोपवलं, उजवीकडच्या दोन बरगड्यांच्या मध्ये एका बोटाने दाबलं, मी ओरडून उठून बसलो. "आत्ता जाऊन सोनोग्राफी करून या." मग विचारलं, "दारू किती घेता?" आई शेजारी उभी. मी म्हणलं कधीतरी. आई काही बोलली नाही, रिक्षात बसल्यावर बोलली.

सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात सात बाय सहा सेंटिमीटरची पोकळी, पू भरलेली. अमिबिक लिव्हर ॲबसेस. एंटामिबा हिस्टोलिटिका नावाचा एकपेशीय जीव घाण पाण्यातून नाहीतर अन्नातून आतड्यात जातो, बहुतेकांना काहीच करत नाही, काहींना आव पडते, आणि थोड्या लोकांच्यात आतड्याची भिंत पोखरून रक्तातून लिव्हरला पोचतो. बायकांपेक्षा पुरुषांना कितीतरी जास्त होतो. खांदा का दुखला तर लिव्हरच्या वर श्वासाचा जो पडदा असतो त्याची नस मानेतून येते, खांद्याकडची संवेदनाही मानेतल्या त्याच जागी पोचते, म्हणून मेंदूचा पत्ता चुकतो. चार सेशन त्या चुकलेल्या पत्त्यावर गेली.

रक्तातली अमिबाची अँटिबॉडी पॉझिटिव्ह, शौचाची टेस्ट निगेटिव्ह. मी म्हणलं मग नक्की काय, तर डॉक्टर म्हणाले लिव्हरला गाठणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची निगेटिव्हच येते. ॲडमिट झालो. मेट्रोनिडाझोलची बाटली सलाईनसारखी दर आठ तासांनी. तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही म्हणून सोनोग्राफीत बघत बघत सुईने पू काढला, सिस्टर म्हणाल्या दादा श्वास धरा, हलू नका, आणि मी नको ते केलं, मान वळवून सिरिंजकडे बघितलं. चॉकलेटी, दाट, वास काहीच नाही. मेडिकलच्या पुस्तकात त्याला अँकोव्ही सॉससारखा (छोट्या माशांचा सॉस) म्हणतात म्हणे, मला मात्र डायरेक्ट कटाची आमटी आठवली, आणि येत्या होळीला पुरणपोळीबरोबर काय खायचं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजले, सात वाजले, थंडी आली नाही. आई घड्याळाकडे बघत बसली होती.

घरी आल्यावर त्याच औषधाच्या गोळ्या, 400 च्या दोन, दिवसातून तीनदा, दहा दिवस पूर्ण होईपर्यंत. (हा माझा डोस, माझ्या डॉक्टरांनी दिलेला.) तोंडाची चव म्हणजे कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवून कळकवलंय आणि तेच चोवीस तास जिभेवर. 27 ऑगस्टला गणपती बसले, उकडीचे मोदक झाले, मी दोन खाल्ले आणि दोन्ही पितळेचे लागले. लघवी गडद लालसर व्हायला लागली तेव्हा कावीळ समजून रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले औषधाचाच रंग आहे, झोपा. दारू तर कोर्समध्ये आणि संपल्यावरही निदान तीन दिवस अजिबात नाही, उलट्या आणि धडधड होऊ शकते म्हणून, पण आई घरात असताना ही सूचना तशी गरजेची नव्हती.

आता खरी गोष्ट. दहा दिवस संपले, मी एकदम फ्रेश, आणि डॉक्टरांनी दुसरं औषध लिहिलं. डायलोक्सानाइड फ्युरोएट, 500 ची एक, तीनदा, आणखी दहा दिवस. मी म्हणलं बरा झालोय की. तर पहिलं औषध लिव्हरमधला अमिबा मारतं पण आतड्यात जे उरलेले असतात त्यांच्यावर ते भरवशाचं नाही, ते तसेच राहिले तर परत लिव्हर गाठू शकतात आणि तोवर माझ्यामुळे घरातल्यांना लागण व्हायची. टिळक रोडवर चार मेडिकल फिरलो, प्रत्येकजण म्हणे कॉम्बिनेशनची गोळी आहे ती देऊ का, नुसती नाहीये. पाचव्याने मागवून दिली. साइड इफेक्ट म्हणजे गॅस, प्रचंड. ऑफिसमध्ये माझ्या शेजारचा एसीचं कारण देऊन दुसऱ्या डेस्कला गेला, मी समजून घेतलं.

कुठे झालं असेल यावर घरात रोज खल चालतो. आई पाणीपुरी म्हणते. मी टँकर म्हणतो, कारण जानेवारी 2025 मध्ये जीबीएसची (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आमच्याच सिंहगड रोड पट्ट्यात आली होती, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, तेव्हा काही पेशंटमध्ये कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता, जंतू वेगळा पण रस्ता तोच, पाण्याचा. डॉक्टर म्हणाले शोधत बसू नका, आतड्यात शिरल्यावर महिन्यांनीसुद्धा लिव्हरला होऊ शकतं. नेहमीच्या क्लोरिनला याच्या सिस्ट, म्हणजे कवच घेऊन बसलेले अमिबा, दाद देत नाहीत, उकळल्यावर मरतात, त्यामुळे गॅसवर कायम एक पातेलं असतंच.

तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली तर पोकळी अजून तीन सेंटिमीटरची दिसतेय, माझे पाय गळाले, पण ती भरायला सहा महिने किंवा जास्तही लागतात आणि लक्षणं नसतील तर त्यावर औषध नाही.

परवा फिजिओकडून फोन आला, सर तुमची सहा सेशन बाकी आहेत, पैसे परत मिळत नाहीत. आईचे गुडघे दुखतात, तिच्या नावावर करून घेतली.