तुम्ही विचारलंत म्हणून : कुटुंबासह पहिल्या क्रूझची तयारी

‘सगळे मिळून पहिल्यांदाच क्रूझला निघालो आहोत, बरोबर काय काय घ्यावे?’ हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला जातो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवणे बरे. प्रश्न सामानाचा असला, तरी माझ्या मते सामान हा या तयारीतला सर्वांत सोपा भाग आहे. जेवणखाण, अंथरूण-पांघरूण, मुलांची करमणूक, संध्याकाळचे कार्यक्रम हे सारे जहाज पाहते. तेव्हा जहाज जे आपल्यासाठी करणार नाही, त्यावर आधी लक्ष द्यावे.

त्यात पहिली कागदपत्रे. प्रवास संपल्यानंतरही पासपोर्ट किमान सहा महिने वैध असावा, अशी अट पुष्कळ ठिकाणी असते. व्हिसाच्या बाबतीत मात्र घोटाळा होतो तो वेगळ्याच जागी. जहाज ज्या देशातून निघते तिथेच, मध्ये दुसऱ्या देशांच्या बंदरांना लागून, परत येणार असेल, तर ते परतणे हा नवा प्रवेश धरला जाऊ शकतो आणि मग एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. ‘आम्ही त्या बंदरात उतरणारच नाही’ असे म्हटल्यानेही काही देशांचा व्हिसा टळत नाही. कागद अपुरे असले तर जहाजावर चढू देत नाहीत आणि भरलेले पैसेही सहसा परत मिळत नाहीत. मूल एकाच पालकाबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर जाणार असेल, तर पालकांचे संमतिपत्र लागेल का, हे विचारून घ्यावे. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळांना घेत नाहीत, महासागर ओलांडणाऱ्या प्रवासात ही मर्यादा एक वर्षाची असते, आणि गर्भारपणाचा 24वा आठवडा लागलेल्या स्त्रियांनाही साधारणपणे प्रवेश नसतो. हे नियम आरक्षणाआधीच पाहायचे असतात.

केबिनच्या निवडीला मी सर्वांत जास्त वेळ देतो. जहाज दोन तऱ्हांनी हलते : एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर, आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर-खाली होत लांबीच्या दिशेने. पाण्याखाली दोन्ही बाजूंना बसवलेले पंखांसारखे स्टॅबिलायझर पहिली हालचाल बरीच कमी करतात. दुसरीपुढे त्यांचे फारसे चालत नाही. म्हणून ज्याला बोट लागण्याची भीती आहे, त्याने खालच्या डेकवरची, जहाजाच्या मध्याजवळची केबिन घ्यावी. तिथे दोन्ही हेलकावे कमीत कमी जाणवतात. उंचावरची, पुढच्या टोकाची केबिन देखाव्यासाठी महाग मिळते आणि नेमकी तीच जास्त डोलते. आराखड्यात आपल्या डोक्यावर काय आहे, तेही पाहावे. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकत जागे व्हावे लागते. दुपारी झोपणारे मूल बरोबर असेल, तर बाल्कनीचे जास्तीचे पैसे मला वाया गेलेले वाटत नाहीत, कारण मूल आत झोपल्यावर मोठ्यांना बसायला जागा उरते. चौघांनी एकाच केबिनमध्ये राहण्यापेक्षा आतून दार असलेल्या दोन लहान केबिन कधी कधी फारशा महाग पडत नाहीत, आणि न्हाणीघरे दोन मिळतात. एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : केबिनमध्ये खाटा चार असल्या, तरी त्या भागाला नेमून दिलेल्या जीवनौकांमधल्या जागा भरल्या असतील, तर तिसऱ्या-चौथ्या माणसाचे आरक्षण मिळत नाही. मोठ्या कुटुंबाने लवकर आरक्षण करावे ते यासाठी.

बोट लागते ती डोळे आणि कान यांच्या साक्षी जुळत नाहीत म्हणून. आतला कान सांगतो की आपण हलतो आहोत, तर केबिनच्या स्थिर भिंतीकडे पाहणारे डोळे सांगतात की नाही. म्हणून उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिल्याने बरे वाटते, आणि आत बसून पुस्तक किंवा फोन पाहिल्याने त्रास वाढतो. यावरची औषधे मळमळ सुरू होण्याआधी घेतली तरच नीट लागू पडतात. कानामागे लावायची पट्टी मोठ्यांसाठी असते, ती मुलांना लावू नये. मुलांचे औषध आणि मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

जहाज आपल्या विमानासाठी थांबत नाही. निघण्याच्या बंदरावर आदल्या दिवशी पोहोचावे, हा माझा आग्रह थोडा हट्टाचा वाटला तरी चालेल. धक्क्यावर सोपवलेल्या बॅगा केबिनच्या दाराशी यायला कित्येक तास लागू शकतात, म्हणून औषधे, पासपोर्ट, बाळाचे सामान आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत असावेत. इस्त्री आणि किटली घरीच ठेवावी. समुद्रात आगीची भीती मोठी, त्यामुळे त्या तपासणीत काढून घेतात.

मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचे आणि काय करायचे याची तालीम, मुलांसह, नीट लक्ष देऊन करावे. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज खडकावर आदळून 32 जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांचे ड्रिल तोवर झालेच नव्हते, कारण तेव्हाच्या नियमात त्यासाठी 24 तासांची मुभा होती. 2015पासून ते जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घेणे बंधनकारक आहे. सात आखूड भोंगे आणि एक लांब भोंगा ही संकटाची खूण मुलांना पाठ करायला लावावी, मुलांच्या मापाचे लाइफ जॅकेट पहिल्याच दिवशी मागून घ्यावे, आणि मूल खेळघरात असताना भोंगा वाजला तर त्याला कोण, कुठे आणणार, हे तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून ठेवावे.

बंदरात उतरताना घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. फोन आपोआप स्थानिक वेळ धरतो आणि दोन्हींत तासाचा फरक असू शकतो. जहाजाने आयोजित केलेली सहल लांबली तर सहसा जहाज थांबते, स्वतःच्या भरवशावर गेलेल्यांसाठी नाही. काही बंदरांत जहाज धक्क्याला न लागता दूर नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून उतरावे लागते. चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी असेल, तर अशी बंदरे कोणती, हे आधी पाहावे. भर समुद्रात फोन एअरप्लेन मोडवरच ठेवावा, कारण जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कचे रोमिंग फार महाग पडते. टिप, वायफाय आणि बहुतेक पेये तिकिटात नसतात. जहाजावरचा डॉक्टरही वेगळे पैसे घेतो, म्हणून विम्यात वैद्यकीय कारणाने जहाजावरून हलवण्याचा खर्च धरलेला असावा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळचे कपडे आणि चपला त्यांत घालून टाकल्या, तर सगळ्यांसमोर रात्रीच्या पोशाखात उतरायची वेळ येते. तेव्हा प्रत्येकाचा एक जोड आधी बाहेर काढावा आणि मगच कुलूप लावावे.