आधी ब्रेस्टस्ट्रोकच का?

पोराला पहिल्यांदा तलावावर सोडायला आलेले वडील विचारतात, सकाळच्या बायकांच्या बॅचमधल्या काकू विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेलं कुणीही विचारतं: "सगळीकडं आधी फ्रीस्टाइल शिकवतात. तुम्ही ब्रेस्टस्ट्रोक का ओ टीचर? सोपा म्हणून काय?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगते. ब्रेस्टस्ट्रोक म्हणजे बेडकासारखे पाय मारत पोहायचं, आणि फ्रीस्टाइल म्हणजे चेहरा पाण्यात घालून एकेक हात पाण्यावरून पुढं टाकत पोहायचं.

सोपा म्हणून अजिबात नाही. पायांच्या बाबतीत एवढा हट्टी स्ट्रोक दुसरा नाही. टाचा मागं वर ओढायच्या, चवडे बाहेर वळवायचे, पावलं नडगीकडं खेचून धरायची आणि तळव्यांनी, पोटरीच्या आतल्या बाजूनं पाणी मागं ढकलत पाय जुळवायचे. हे वाचायला एक ओळ लागते, अंगात बसायला बरेच दिवस लागतात. बहुतेकांचं एक पाऊल नीट वळतं आणि दुसरं ऐनवेळी ताठ होऊन बोटं मागं जातात. स्वतःचे पाय दिसत नाहीत, त्यामुळं पोहणाऱ्याला पत्ताच नसतो. शर्यतीत असं झालं की पंच थेट बाद ठरवतात. म्हणून मी आधी काठाच्या फरशीवर पालथं झोपवते, पाय पाण्यावर, आणि दोन्ही तळवे माझ्या हातात धरून ती चाल करून घेते. तळवा हातात आला की घोट्याची सगळी कुंडली कळते. उकिडवं बसून भांगलण केलेल्या बायकांचे घोटे भराभर वळतात. खुर्ची-सोफ्यावर वाढलेल्या पोरांना फार वेळ लागतो.

पोरगं स्पर्धेत उतरावं असं वाटणारे पालक याच्या विरोधात असतात. त्यांचं म्हणणं, पोहण्याच्या चार स्ट्रोकांतला हा सगळ्यात हळू, त्यात वेळ कशाला घालवायचा? हळू आहे हे खरंच. पुरुषांच्या 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा विश्वविक्रम ॲडम पीटीनं 2019 मध्ये ग्वांगजूला केलेला, 56.88 सेकंदांचा. फ्रीस्टाइलचा पान झान्लनं 2024 ला पॅरिसमध्ये केला, 46.40 सेकंद. दहा सेकंदांहून जास्त फरक. कारण उघड आहे: गुडघे पुढं आणताना मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि दर खेपेला वेग पडतो. पण म्हणून तो कमी प्रतीचा होत नाही. पडलेला वेग दर खेपेला पुन्हा उभा करायचा, तोही पायांच्या जोरावर, हीच यातली कला आहे. आपल्या संदीप सेजवालनं 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत 50 मीटरचं कांस्यपदक याच स्ट्रोकवर मिळवलं.

नियमांवरून भांडणंही याच्याइतकी दुसऱ्या कुठल्या स्ट्रोकवरून झाली नसतील. काही पोहणारे दोन्ही हात पाण्यावरून फेकायला लागले, त्यातून बटरफ्लाय हा स्ट्रोक निघाला आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकपासून वेगळा झाला. त्याच ऑलिंपिकमध्ये जपानचा फुरुकावा बराचसा पाण्याखालून पोहत 200 मीटर जिंकला, मग त्यावर बंदी आली. 2004 ला अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्याच किताजिमाच्या डॉल्फिन किकवरून, म्हणजे दोन्ही पाय जुळवून माशाच्या शेपटीसारखे वर-खाली मारण्यावरून, वाद पेटला आणि पुढच्याच वर्षी सुरुवातीला आणि वळणानंतर तशी एक किक चालेल असा नियम करावा लागला.

सायकल चालवणारे, ट्रायथलॉनवाले म्हणतात, गुडघे जातात. त्यांचं मी ऐकते. गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर या किकचा ताण येतो, आणि गुडघे फार फाकवून जोर लावला तर जास्तच येतो. आतल्या बाजूला आधीच दुखणं असलेल्याला मी ही किक देत नाही, तिथं हट्ट नको. बाकीच्यांना एवढंच सांगते की गुडघे कमरेच्या रुंदीच्या फार बाहेर जाऊ द्यायचे नाहीत. शेजारून पोहणाऱ्याला लाथ बसते ही तक्रारही त्यामुळं बरीच कमी होते.

माझं खरं भांडण आहे ते या स्ट्रोकवर प्रेम करणाऱ्यांशीच. काकूंना तो आवडतो कारण डोकं भिजत नाही, गप्पा मारत जाता येतं. पण मान सतत वर धरली की कंबर खाली जाते, पाठ वाकते, आणि मग मान-कंबर दुखते म्हणून तलावच सुटतो. श्वास घेतला की चेहरा पाण्यात, हात पुढं लांब, आणि क्षणभर नुसतं घसरत जायचं. हे घसरणं ज्यांना सापडलं त्यांना दम लागत नाही. वयानं मोठ्या बायकांना मी फार मायेनं पण न सोडता हे करायला लावते.

मग डोकं वर ठेवून पोहायचंच नाही का? पोहायचं, आणि तेही मुद्दाम शिकवते. ब्रेस्टस्ट्रोक आधी घेण्याचं माझं कारण तिथंच आहे. आपली पोरं फक्त तलावात पोहणार नाहीत. मे महिन्यात ती निपाणीकडं, खानापूरकडं, चिकोडीकडं आजोळी जातात आणि दुसऱ्याच दिवशी कुणीतरी हाक मारतं, "चल की, पवायला जाऊया हिरीवर." मीही तशीच शिकले, काकांनी पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधून हिरीत सोडलं होतं. हिरीत पाण्याचा तळ दिसत नाही, सरळ रेषा नाही, चार हात मारले की भिंत येते. मोटारीचा पाइप आणि दोर आडवे असतात. वरून कुणी मुटका मारतंय का हे बघावं लागतं. घटप्रभेच्या कालव्यात धार ओढते आणि अस्तर केलेला काठ निसरडा असतो, म्हणून पायऱ्या कुठं आहेत ते आधी हेरून तिकडं तिरकं जावं लागतं. मलप्रभेवर, वेदगंगेवर काठ नजरेत ठेवावा लागतो. निळ्या पाण्यात चेहरा घालून पन्नास मीटर झकास फ्रीस्टाइल मारणारं पोरगं हिरव्या पाण्यात गांगरलेलं मी पाहिलंय. खाली काही दिसेना, वर बघायची सवय नाही, श्वासाचा ताल गेला. ब्रेस्टस्ट्रोक येत असता तर त्यानं डोकं वर काढून समोर बघितलं असतं, दोन श्वास घेतले असते. 1875 मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब जवळजवळ बावीस तास पोहून इंग्लिश खाडी पार गेला, तो ब्रेस्टस्ट्रोकवरच. वेग नव्हता, पण समोरचं दिसत होतं आणि दम पुरत होता.

एक मात्र पालकांनी नीट ऐकावं. पावसाळ्यात चढलेल्या नदीत कुठलाच स्ट्रोक कामाचा नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेनं चिकोडी, रायबाग, अथणीकडं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पवायला येतं म्हणून पुराच्या पाण्याजवळ पोर जाता कामा नये.

आमच्याकडं सुट्टी लागायच्या आधी मी प्रत्येकाची एक परीक्षा घेते. अंगात टी-शर्ट आणि हाफपँट, पोहण्याचा चष्मा काढलेला, उडी मारून वर यायचं, मी काठावर जिथं उभी आहे तिथं नजर ठेवून ब्रेस्टस्ट्रोकनं यायचं, मी मध्येच जागा बदलली की तिकडं वळायचं, दमलं तर उताणं तरंगायचं आणि परत निघायचं. यात वेळ मोजत नाही. हे न घाबरता जमलं की दुसऱ्या दिवसापासून फ्रीस्टाइल सुरू.