फाटकाची ओळ

जुने कागद आणि छापील चित्रं दुरुस्त करून टिकवणारे आम्ही संवर्धक चित्र हातात आलं की आधी उलटं करतो. पुढची बाजू गिऱ्हाईक दाखवतंच. डिंक, टेप, दुकानाचा शिक्का, कुणीतरी घाईत लिहिलेला हिशेब असं सगळं मागे असतं, आणि त्या कागदाचं पुढे काय होणार तेही बहुतेक तिथेच कळतं.

अमेरिकेत टेक्ससमधल्या फोर्ट वर्थ इथल्या माझ्या स्टुडिओत गेल्या हिवाळ्यात एक वयस्क बाई फ्रेम घेऊन आल्या, तेव्हा मला ती उलटी करता आली नाही. मागे तपकिरी कागद चिकटवून सगळं बंद केलेलं होतं. पुढे होतं एका जुन्या कॅलेंडरवरचं छापील चित्र. तारखांचा गठ्ठा कधीच फाटून गेला होता. चित्र मी लगेच ओळखलं, कारण त्याचं मूळ आमच्याच गावात आहे: एमन कार्टर संग्रहालयातलं, अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक रेमिंग्टनचं १८९५ चं तैलचित्र ‘द फॉल ऑफ द काउबॉय’. करडं आभाळ, बर्फ पडलेला माळ, तारेचं कुंपण आणि दोन काउबॉय. एक घोड्यावरून उतरून फाटकापाशी उभा आहे, दुसरा खोगिरावरच थांबलाय.

मागचा इतिहास माहीत नसलेल्यांना यात काही घडतंय असं वाटणार नाही. जोसेफ ग्लिडन या अमेरिकन शेतकऱ्याने काटेरी तारेचं पेटंट १८७४ साली घेतलं. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या मैदानांवर गुरं इतकी मेली की मोकळ्या माळावर गुरं सोडून देण्याचा धंदाच बसला. त्यानंतर कुंपणं वाढत गेली. जो माणूस दिवसभर घोडा वाटेल तिकडे फेकायचा, त्याला आता फाटकासाठी खाली उतरावं लागतं. रेमिंग्टनने नेमका तो क्षण धरला. हे चित्र छापून आलं ते हार्पर्स मासिकात, लेखक ओवेन विस्टरच्या काउबॉयवरच्या लेखासोबत. आणि तो लेख विस्टरने लिहावा म्हणून मागे लागला होता तोही रेमिंग्टनच. चित्राला शब्दांची सोबत पहिल्यापासून होती. म्हणून काउबॉयांची चित्रं कलादालनात आणि त्यांची कवनं पुस्तकालयाच्या कपाटात ठेवायची आमच्या क्षेत्राची रीत मला कधीच पटलेली नाही. लॉस एंजेलिसचा गुरांचा बाजार तर वर्षानुवर्षं अशी कॅलेंडरं काढायचा की ज्यांवर कॅथरीन फील्डचं रेखाचित्र आणि ब्रूस किस्काडनची कविता एकाच पानावर असे. किस्काडन तरुणपणी गुरांमागे हिंडलेला, पुढे शहरातल्या हॉटेलांत सामान उचलणारा माणूस. त्याचे वाचक गुरं विकायला बाजारात येत आणि पान घरी नेऊन भिंतीला लावत.

बाईंचं म्हणणं साधं होतं. वडील पश्चिम टेक्ससमध्ये रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणावर, कामाला होते, हे चित्र त्यांचं, ते तुकडे होण्याआधी नीट करून द्या. फ्रेमवाल्याने त्यांना उष्णतेने पुठ्ठ्यावर कायमचं चिकटवून घ्यायला सांगितलं होतं. हा सल्ला देणाऱ्यांबद्दल मला मनापासून राग आहे. दहा मिनिटांत कागद सपाट दिसतो, आणि मागची बाजू जन्मात पुन्हा दिसत नाही.

तपकिरी कागद सोडवला. मागे पेन्सिलीने लिहिलेली कविता निघाली. चार कडवी, हात सावकाश, अक्षर शाळेतलं. दोघे स्वार, बर्फ, तार, फाटक. छापील चित्राकडे बघत लिहिलेलं, यात शंका नव्हती, कारण चित्रातलं सगळं त्यात होतं, अगदी दुसऱ्याच्या खोगिरावर बसून राहण्यासकट. आपल्याकडे कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहितात तसा एका कोपऱ्यात वासरांचा हिशेबही होता. शेवटच्या कडव्याची तिसरी ओळ मात्र जुन्या सेलोटेपखाली गेली होती.

बाईंना फोन केला, त्या दुपारीच आल्या. पहिल्या दोन ओळी त्यांनी चष्मा वर-खाली करत वाचल्या आणि एकदम गायला लागल्या. वडील ट्रक चालवताना हे म्हणत. त्यांना ते कुठलं तरी जुनं, सगळ्यांचंच गाणं वाटायचं. चाल उसनी होती, या गाण्यांची बहुधा तशीच असते. रात्री गुरांभोवती घोड्यावरून फेऱ्या मारताना जनावरं बिथरू नयेत म्हणून म्हणायची गाणी, त्यांना नवी चाल कोण बांधत बसणार? शेवटचं कडवं त्यांनी कागदाकडे न बघता म्हटलं. त्यात दुसरा स्वार खाली उतरतो आणि फाटक लावून घेतो.

टेप काढणं हा माझा आवडता आणि सगळ्यात जीव खाणारा भाग. वरची फिल्म ठिसूळ होऊन सुटते, पण रबराचा गोंद कागदात मुरून तपकिरी, काचेसारखा झालेला असतो. कोमट स्पॅच्युलाने मऊ करायचा, क्रेप रबराने कणाकणाने उचलायचा, उरलेला खालून हवा ओढणाऱ्या सक्शन टेबलावर द्रावकाने खाली ओढायचा. पेन्सिलीचा ग्राफाइट द्रावकात विरघळत नाही, पण गोंदाबरोबर उचलला जातो. म्हणून हात लावण्याआधीच मी अवरक्त (इन्फ्रारेड) कॅमेऱ्याने फोटो घेतले होते. त्यात गोंदाचा डाग पारदर्शक होतो आणि ग्राफाइट काळा उमटतो. पलीकडच्या छपाईची काळी शाईही डोकावते, त्यामुळे रेषा कुणाची हे एकेक अक्षर धरून ठरवावं लागतं.

ओळीच्या शेवटी ‘उघडं’ या अर्थाचा शब्द स्वच्छ आला. त्याच्या आधीची जागा, जिथे इंग्रजीत नकाराचा शब्द येतो, ती मात्र रिकामी. टेप पूर्वी कधीतरी उचलून पुन्हा चिकटवली असावी, तिथला ग्राफाइट तेव्हाच गेला. तिरक्या उजेडात पेन्सिलीचा दाब शोधला, तोही पुसट.

म्हणजे ‘फाटक उघडं टाकलं’ की ‘फाटक उघडं टाकलं नाही’? रँचवर फाटक उघडं टाकणं लहान गोष्ट नव्हे. जसं दिसलं तसं ठेवायचं, उघडलं तर लावायचं, हे पोराटोरांनाही शिकवतात. दुसऱ्याच्या कुंपणात जन्मभर पगारावर राबलेल्या माणसाने ते एकदा कागदावर उघडं टाकलं असेल, आणि पोरीला गाऊन दाखवताना लावून घेतलं असेल? बाई म्हणाल्या, “बाबांनी असं लिहिलंच नसतं. तुम्ही तिथे माझी ओळ पेन्सिलीने भरा.”

मी नाही म्हणाले. भर घातली तर ती ओळखू यावी, हा आमचा नियम. हरवलेला मजकूर तर भरायचाच नाही. त्या म्हणाल्या, “ते असते तर त्यांनीच पेन्सिल घेतली असती.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. गाणं बदलत गायचा हक्क गाण्याच्या मालकाला असतो आणि कागदाचा मालक तसा हक्क मागू शकत नाही, असं धरून मी रोज वागते. पण इथे मालक एकच होता.

फ्रेम मी दोन्ही बाजूंनी दिसेल अशी करून दिली. त्यांची ओळ वेगळ्या जपानी कागदावर त्यांच्याच हाताने लिहून घेतली आणि मागच्या बाजूच्या माउंटमध्ये बसवली.

मग त्या मूळ चित्र बघायला गेल्या. इतकी वर्षं गावात राहून गेल्या नव्हत्या, तिथे तिकीट नाही हेही ठाऊक नव्हतं. परत येऊन म्हणाल्या, तो उतरलेला माणूस फाटक लावतोय. मला तो उघडताना दिसतो. त्यांच्या नातवाला नेवाडातल्या एल्कोच्या मेळाव्यात ही कविता म्हणायची आहे. १९८५ पासून हिवाळ्यात तिथे रँचवरची माणसं आपली कवनं म्हणतात. कोणती ओळ म्हणू, असं त्याने मला विचारलं. मी आजीला विचार म्हटलं.

फोटो मी अजून उघडून बघते. बाकीच्या ओळींतल्या अक्षरांची रुंदी धरून ती रिकामी जागा मोजली, तर नकाराचा शब्द मावायला ती जरा कमी पडते. नक्की म्हणता येण्याइतकी नाही. मोजमाप अहवालात आहे, अहवाल बाईंकडे आहे. त्यांनी तो वाचलाय का, हे मी अजून विचारलेलं नाही.